उन्हाळ्याचे देणे, हिवाळ्याची वसुली

पौषातील पहाट. निफाड तालुक्यात द्राक्षबागांच्या बांधावर शेकोट्या धुमसत आहेत. थंडीने मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार रात्रभर जागे आहेत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा अशा दिवसांत ४-५ अंशांपर्यंत उतरतो. एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. वस्तीवरच्या एका घरात आजोबा शाल गुंडाळून ओसरीवर तयार बसले आहेत. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. सातची वेळ चुकली तर पुढच्या रुग्णाची पाळी लागते आणि सगळा दिवस कोलमडतो. मुलगा गाडीत बसून किल्ली फिरवतो. इंजिन एकदा कण्हते, दुसऱ्यांदा अर्धवट फिरते, तिसऱ्यांदा नुसते ‘टक्’ होते आणि समोरचे दिवे मंदावतात. घरातील प्रत्येकाच्या तोंडी त्या क्षणी एकच कारण येते : थंडी.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. ४-५ अंश तापमान हे निरोगी मोटारीच्या दृष्टीने मोठे संकट नव्हे. लेह-कारगिलच्या रस्त्यांवर पारा शून्याच्या कितीतरी खाली असतानाही गाड्या सुरू होतात. महाराष्ट्रातील थंडी सहसा गाडी बिघडवत नाही. गाडीत आधीच काय बिघडत आले आहे, ते ती दाखवून देते. म्हणूनच हिवाळ्यात गाडी सुरू न होणे हा थंडीचा अपराध मानून सोडून देऊ नये. ती एक सूचना आहे आणि ती वाचता आली पाहिजे.

देणे कोठे तुंबले?

गाडीची नेहमीची बॅटरी शिसे आणि गंधकाम्ल यांच्यातील रासायनिक क्रियेवर चालते. थंडीत ही क्रिया मंदावते. शून्य अंशाच्या आसपास तीच बॅटरी उन्हाळ्याच्या मानाने साधारण एक-पंचमांश ते एक-तृतीयांश कमी जोर देते. त्याच वेळी इंजिनातील तेल दाट झालेले असते, त्यामुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. एकीकडे देणाऱ्याची शक्ती घटते आणि दुसरीकडे मागणाऱ्याची मागणी वाढते. नवी बॅटरी हा ताण सहज सोसते. जुनी बॅटरी नेमकी येथेच उघडी पडते.

ती जुनी कशाने झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बॅटरीचा खरा शत्रू थंडी नसून उष्णता आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिक, जळगाव, सोलापूर या भागांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि बॉनेटखाली त्याहूनही अधिक तापते. त्या उष्णतेने बॅटरीतील पाणी उडते आणि शिशाच्या जाळ्या वेगाने झिजतात. तरीही उन्हाळ्यात गाडी एका किल्लीत सुरू होते, कारण तेव्हा तेल पातळ असते आणि इंजिनाला फारसा जोर लागत नाही. बॅटरी वैशाखात आजारी पडते. तिचा आजार कळतो तो पौषात. उन्हाळ्याचे थकलेले देणे हिवाळा असा एका पहाटेत वसूल करतो.

यात वापराच्या सवयीचीही भर पडते. गाडी उभी असली तरी तिच्यातील घड्याळ, गजर आणि संगणक थोडी वीज घेतच असतात. हा खर्च साधारण ३० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० मिलिअँपिअरच्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-तास वीज जाते. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर १४ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची जवळजवळ निम्मी बॅटरी न वापरताच उतरते. रोज केवळ दुकानापर्यंत दोन किलोमीटर जाणाऱ्या गाडीचीही हीच गत होते. सुरू होताना खर्चलेली वीज एवढ्याशा फेरीत पुरती भरून निघत नाही आणि सतत अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर थर बसत जातो.

आधी आवाज ऐकावा

‘गाडी चालू होत नाही’ हे एकच वाक्य अनेक वेगवेगळ्या दुखण्यांना लावले जाते. वैद्य नाडी पाहतो, तसा येथे आवाज ऐकावा लागतो. किल्ली फिरवताच काही आवाज येत नाही किंवा ‘टक्-टक्’ होते, हा पहिला प्रकार. इंजिन फिरते, पण ओझे वाहून थकल्यासारखे रेंगाळत फिरते, हा दुसरा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही, हा तिसरा. पहिल्या दोन प्रकारांचे मूळ बहुधा विजेत असते, तिसऱ्याचे इंधनात किंवा ठिणगीत. हा भेद न करता बॅटरीच बदलणे, नाहीतर प्लगच बदलणे, म्हणजे पोटदुखीवर डोळ्यांत औषध घालणे होय.

इंजिन फिरत नाही, किंवा रेंगाळते

अशा वेळी समोरचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे अगदी मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे लख्ख राहिले आणि तरी सेल्फ फिरला नाही, तर दोष बहुधा सेल्फमध्ये, त्याच्या रिलेमध्ये किंवा तारेत असतो. ऑटोमॅटिक गाडीचा दांडा पार्किंग किंवा न्यूट्रलवर नसणे आणि क्लच पूर्ण न दाबला जाणे, एवढ्या साध्या कारणानेही सेल्फ मुका राहतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत कधी कधी दोष किल्लीतील नाण्याएवढ्या बॅटरीचा असतो. अनेक गाड्यांत किल्ली बटणाला टेकवून धरल्यास काम भागते.

जोडणीकडे सर्वांत आधी पाहावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर चांगली बॅटरीही दुबळी ठरते. घागर भरलेली असावी आणि तिचे तोंड बोळ्याने बंद असावे, तसे हे आहे. सेल्फला क्षणभरच वीज लागते, पण त्या क्षणी लहान मोटारीतही शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहतो. समोरच्या दोन्ही दिव्यांना मिळून दहाच्या आसपास अँपिअर पुरतात. दिवे लागतात म्हणून बॅटरी ठीक आहे, हा समज म्हणूनच फसवा ठरतो.

साफ करताना ऋण टोक, म्हणजे काळी तार, आधी सोडावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने भुकटी धुवावी, टोके कोरडी करून घट्ट आवळावीत आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा. पाणी घालण्याची बॅटरी असेल तर पट्ट्या बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर आहे का, हेही पाहावे. नळाचे पाणी कधीही घालू नये.

मल्टिमीटर हे साधन आता फार महाग राहिलेले नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीने १२.६ व्होल्टच्या जवळपास आकडा दाखवला तर ती पूर्ण भरलेली असते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकली आहे असे समजावे. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तसा नसेल तर बॅटरी निर्दोष असून अल्टरनेटर तिला भरत नसण्याची शक्यता मोठी. या तीन आकड्यांनी अनेकदा नव्या बॅटरीचा खर्च वाचतो.

रेंगाळण्याचे दुसरे कारण तेल. तेलाच्या डब्यावर ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ असे लिहिलेले असते. त्यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. जुनी गाडी तेल खाते म्हणून कोणी दाट तेल भरून दिले असेल, तर त्याची किंमत पहाटे मोजावी लागते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच तेल वापरणे हा यावरचा साधा उपाय.

इंजिन फिरते, पण पेट घेत नाही

पूर्वीच्या मोटारींना हँडल मारावे लागे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडलच्या उलट्या फटक्याने हात मोडण्याची भीती हळूहळू गेली. तरी आपल्याकडील फियाट आणि अँबॅसॅडर गाड्यांसोबत हँडल पुढेही दीर्घ काळ होते. त्या काळातील चालक चोक ओढत आणि ॲक्सिलरेटर दोन-तीनदा दाबून मग किल्ली फिरवत. कार्ब्युरेटरच्या गाडीला ते योग्यच होते. इंजेक्शनच्या गाडीत मात्र थंडीत किती जादा पेट्रोल द्यायचे, हे इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर आणि संगणक ठरवतात. तेथे पाय मारून काही साधत नाही. उलट वारंवार सेल्फ मारून प्लग पेट्रोलने भिजले असतील, तर बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारल्यास पेट्रोल बंद होते आणि प्लग सुकायला वाव मिळतो. हा तेवढा एक अपवाद.

पेट्रोल गाडीत किल्ली ‘ऑन’ करताच मागच्या आसनाखालून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते. ती येत नसेल तर फ्यूज आणि पंप तपासावा. येत असेल तर दोन-तीनदा किल्ली ‘ऑन-ऑफ’ करून मग सेल्फ मारावा, म्हणजे रात्री उतरलेला दाब पुन्हा भरतो. एवढ्याने गाडी सुरू होत असेल, तर दाब कोठेतरी गळतो आहे हे मेकॅनिकला सांगावे. गाडी दिवसा ठणठणीत आणि पहाटेच हट्टी असेल, तर झिजलेले प्लग आणि तापमानाचा सेन्सर यांवर संशय घ्यावा. इंजिन गरम असल्याचे चुकीचे सांगणारा सेन्सर थंड इंजिनाला उपाशी ठेवतो.

सीएनजी गाड्यांत आणखी एक गोम असते. त्यांपैकी पुष्कळ गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन जरा तापल्यावर गॅसवर जातात. मालक मात्र बचतीच्या विचाराने टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेवतो आणि ते महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. पेट्रोलमधील हलके, लवकर पेटणारे घटक कालांतराने उडून जातात आणि पहाटे नेमकी त्यांचीच गरज असते. तेव्हा टाकी किमान पाव भरलेली ठेवावी आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी.

उसाच्या पट्ट्यातील वाचकांना इथेनॉल परिचयाचे आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलात त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल थंडीत पेट्रोलइतके सहज वाफाळत नाही. ब्राझीलमध्ये केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या १९७९ पासून आल्या, तेव्हा थंड सकाळी इंजिन पेटवण्यासाठी त्यांत पेट्रोलची वेगळी छोटी टाकी ठेवावी लागे. २० टक्क्यांच्या मिश्रणाने चांगल्या गाडीला एवढी अडचण येत नाही. मात्र इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, म्हणून फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने इंधन साठवून ठेवू नये.

डिझेल गाडीत ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल सोडले की ते आपोआप पेटते. थंड इंजिनाच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात, म्हणून मदतीला हीटर प्लग असतात. किल्ली ‘ऑन’ केल्यावर समोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. घाईत हे काही सेकंद वाचवणारा पुढे दहा मिनिटे गमावतो. गाडी सुरू होऊन थोडा वेळ थरथरली, पांढरा धूर टाकला आणि मग सुरळीत झाली, तर चारांपैकी एखादा हीटर प्लग निकामी असण्याचा संभव असतो. सेल्फ फिरताना पांढरा धूर दिसतो, म्हणजे डिझेल येते आहे पण जळत नाही. धूर मुळीच नाही, म्हणजे ते बहुधा पोहोचतच नाही. मग फिल्टर आणि नळीतील हवा पाहावी लागते.

खोबरेल तेल थिजते, तसे डिझेलमधील मेणही अतिथंडीत थिजून फिल्टर बुजवते. महाराष्ट्रात ही वेळ सहसा येत नाही. हिमालयात गाडी नेणाऱ्यांनी मात्र तेथील पंपावर मिळणारे हिवाळी डिझेलच भरावे. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे असे डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले.

बॉनेटवर दोन थापा

थंडीत ऊब शोधणारे केवळ माणसेच नसतात. रात्री उभ्या केलेल्या गाडीचे इंजिन बराच वेळ कोमट राहते आणि मांजरीची पिल्ले, खारी, उंदीर त्याच्या आश्रयाला येतात. पहाटे एकदम सेल्फ मारला तर पंख्यात किंवा पट्ट्यात सापडून त्या मुक्या जिवाचा अंत होतो. गाडीत बसण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, खाली वाकून चाकांमागे पाहावे आणि क्षणभर थांबावे. जीवदया मानणाऱ्या घरात ही सवय मुलांनाही लागावी. उंदरांनी तार कुरतडल्यामुळे गाडी सुरू न होणे, हेही हिवाळ्यात नेहमीचे. त्यासाठी विष किंवा चिकट सापळे नकोत. गाडीत खाऊचे कण राहू न देणे, गाडी धान्याच्या कोठीपासून व कचऱ्यापासून दूर उभी करणे आणि खालून बारीक जाळी बसवून घेणे, एवढ्याने त्रास बराच कमी होतो.

माणूस आधी, गाडी नंतर

आता पुन्हा त्या ओसरीकडे वळावे. अशा पहाटे पहिला नियम यंत्राचा नसून माणसाचा आहे. तीन प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही, तर घरातील एकाने लगेच शेजारची गाडी किंवा भाड्याचे वाहन बोलवावे आणि रुग्णालयाला फोन करावा. जिवावर बेतले असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दुरुस्ती त्यानंतर. प्रत्येक प्रयत्न दहा सेकंदांहून लांबवू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. सतत सेल्फ मारल्याने उरलीसुरली बॅटरी संपते आणि सेल्फही जळतो. त्याआधी दिवे, पंखा, रेडिओ बंद करावेत. क्लच दाबून धरावा, म्हणजे गिअरपेटीतील दाट तेलाचे ओझे सेल्फवर पडत नाही.

शेजारच्या वस्तीवरची पिकअप आली, तर जंपर केबलने काम होते. पण क्रम चुकता कामा नये. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असाव्यात. ट्रक किंवा बस सहसा २४ व्होल्टची असते, तिची वीज मोटारीला देऊ नये. दोन्ही गाड्या बंद ठेवून लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघत असतो, हे त्यामागील कारण. मग चांगली गाडी सुरू करून काही मिनिटे चालू ठेवावी आणि नंतर दुसरी सुरू करावी. केबल काढताना क्रम नेमका उलटा. फुगलेल्या किंवा तडकलेल्या बॅटरीला हे कधीही करू नये. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही.

एक धोका मात्र साऱ्यांहून मोठा आणि अगदी अबोल आहे. थंडीत गाडी गरम व्हावी म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवले जाते. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, मळमळणे आणि झोप येणे ही लक्षणे थंडीचीच वाटतात आणि माणूस उठत नाही. इंजिन सुरू होताच गाडी उघड्यावर आणावी. तासभर उभी तापवण्याची गरज नाही. अर्ध्या मिनिटाने सावकाश निघाल्यास इंजिन चालता चालता तापते.

दसऱ्याची तपासणी

निफाडच्या त्या घरी गाडीची बॅटरी पाच वर्षांची होती आणि तिच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली होती. उन्हाळ्यापासून सेल्फ किंचित जड फिरत होता. ते सर्वांनी ऐकले होते आणि कोणीच मनावर घेतले नव्हते. आजोबा त्या दिवशी शेजाऱ्याच्या पिकअपमधून वेळेत पोहोचले, ते शेजारधर्मामुळे, गाडीमुळे नव्हे.

महाराष्ट्रात दसऱ्याला वाहनांना झेंडूचे हार घालतात. थंडी तेव्हा दीड-दोन महिने दूर असते. त्याच दिवशी बॉनेट उघडून बॅटरीची टोके पाहावीत, व्होल्ट मोजावेत, तेलाचा आकडा वाचावा, जंपर केबल डिकीत आहे याची खात्री करावी आणि बॅटरीला तीन-चार वर्षे झाली असतील तर तिची भाराखाली चाचणी करून घ्यावी. या साऱ्याला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास दिला असेल तर पौषातील पहाटे ओसरीवर शाल गुंडाळून बसलेल्या माणसाला घड्याळाकडे पाहत बसावे लागत नाही.